डोंबिवलीतले केमिकल कारखाने पाताळगंगेला न्यावेत का?

डोंबिवली पूर्व: २३ मे २०२४ ला एमआयडीसीच्या फेज दोनमधल्या केमिकल कारखान्यात स्फोट झाला, तेव्हा ओट्यावर कणीक मळून ठेवली होती. खिडकीची काच फुटून थेट त्या परातीत. २६ मे २०१६ लाही असाच स्फोट झाला, बारा माणसं गेली. २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला म्हणून मुख्यमंत्री येऊन बघून गेले. २०२२ मध्ये १५६ धोकादायक कारखाने रायगडमधल्या पाताळगंगा नदीकाठच्या एमआयडीसीत हलवायचं ठरलं. आम्ही अजून वाट बघतोय. भरवस्तीत केमिकलचे रिॲक्टर नकोच. हलवा.

वाशिष्ठीकाठ: ताई, काचेचं वाचून पोटात गोळा आला. पण पाताळगंगेकाठी माणसं राहत नाहीत का? आम्ही दाभोळ खाडीवरचे भोई. शहराला नको झालेलं केमिकल आमच्या इथल्या लोटे-परशुराम एमआयडीसीत कसं येतं ते बघतोय. वडील पाग (फेकजाळं) टाकायचे तेव्हा बोय मासळी मिळायची. आता पहिल्या पावसाला मेलेली मासळी काठाला लागते. तक्रार केली की नमुना घ्यायला माणूस येईपर्यंत दोन भरत्या होऊन जातात, खाडी धुऊन निघते. इटलीत विचेन्झाजवळचा मितेनी कारखाना आठवा. पीफास नावाच्या, सहसा विघटन न होणाऱ्या रसायनांनी तिथलं भूजल नासलं, २०१८ मध्ये दिवाळं निघालं, २०२५ मध्ये ११ अधिकाऱ्यांना कोर्टानं शिक्षा ठोठावली. त्याची यंत्रं कुठे आली? लोट्याला.

शिफ्ट इंजिनिअर: डोंबिवलीत एमआयडीसी आधी आली, वस्ती नंतर. मधली मोकळी जागा इमारतींनी खाल्ली, त्याचं खापर कारखान्यावर का? आणि शहरात नियम कडक झाले की सगळे कारखाने गावाकडे पळतात हेही खरं नाही. लहान युनिटचा कामगार, गिऱ्हाईक, सीईटीपीची (सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राची) लाइन सगळं इथेच. पळणार कुठे? मी अशाच एका प्लांटमध्ये आहे. आमच्या शेडमध्ये सांडपाणी आटवणारी बाष्पीभवन यंत्रणा बसवायला जागाच नाही. नव्या प्लॉटवर सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची अट घालता येते. जुनी यंत्रं नेऊ देऊ नका, पण हलवणंच चूक म्हणू नका.

वाशिष्ठीकाठ: वस्ती नंतर आली, मान्य. खाडी तर आधीपासून होती ना?

कल्याण कोर्ट: दोघांनीही कायदा बघा. २००९ च्या केंद्रीय प्रदूषण मोजणीत डोंबिवलीला ७८.४१ गुण होते. सत्तरच्या वर म्हणजे अतिप्रदूषित. जानेवारी २०१० मध्ये अशा ४३ औद्योगिक पट्ट्यांत नव्या पर्यावरण परवानग्या थांबवल्या. म्हणजे बंदी होती ती यादीतल्या गावापुरती. अशा वेळी ज्याला नवा प्लांट टाकायचाय तो यादीबाहेरचं गाव बघणार, याला कुणाचा वाईट हेतूही लागत नाही. नदीकाठी किती अंतरात लाल श्रेणीचे, म्हणजे सर्वात प्रदूषणकारी, उद्योग नकोत हे सांगणारं आपल्या राज्याचं धोरण होतं, ते २०१५ मध्ये रद्द झालं. शिवाय २००६ च्या ईआयए (पर्यावरण परिणाम तपासणीच्या) अधिसूचनेनुसार मंजूर औद्योगिक वसाहतीतल्या प्रकल्पाला जनसुनावणीतून सूट मिळते.

शिफ्ट इंजिनिअर: दर वेळी सुनावणी लावली तर एक विटही हलणार नाही. तोवर इथे तिसरा स्फोट होईल.

डोंबिवली पूर्व: सुनावणीच्या सुटीचं मला माहीत नव्हतं. हलवाच, हे मी अजूनही म्हणते. लेक रात्री साधा फटाका वाजला तरी उठून बसते. पण पाताळगंगेकाठच्या गावांना न विचारता नको. वकीलसाहेब, सूट असली तरी गावसभा बोलवता येते का? येत असेल तर दिवस सांगा. फुटलेली काच घेऊन मी येते.