मदत हवी आहे: चारकोलची मोठी चित्रं कशी टांगू?

नमस्कार मंडळी. यंत्रमागावरचे कामगार आणि विड्या वळणाऱ्या बायका यांची माझी 7 चारकोल चित्रं पुढच्या महिन्यात सोलापुरातच प्रदर्शनात लागणार आहेत. प्रत्येक कागद 6 फूट उंच. विड्या वळायचं सूप मांडीवर घेऊन बसलेली आई मला लहान करून काढवेना.

अडचण फ्रेमची आहे. काच फार जड. अ‍ॅक्रिलिक शीट हलकी, पण तिच्या स्थिर विजेने कोळशाची पूड कागदावरून उचलली जाते. फिक्सेटिव्ह (पूड कागदावर धरून ठेवणारा फवारा) जास्त मारलं की करड्या छटा काळवंडतात, आणि आईच्या हातांच्या शिरा नेमक्या त्याच छटांत आहेत.

मग चित्रं उघडीच, चुंबकांनी धरून लावावीत का? हॉलमध्ये पंखे चालू असतात, लोक हातही लावतात. कुणी असं केलंय का? सोलापुरात एवढी मोठी फ्रेम कोण करून देतं?