मदत हवी आहे: एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) कुठून करावं?

नमस्कार मंडळी. मी बीएएमएस, नंदुरबार जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या सोल्युबिलिटी टेस्टमध्ये (प्राथमिक रक्ततपासणीत) नळीतला द्राव गढूळ दिसला की आम्ही नमुना इलेक्ट्रोफोरेसिसला, म्हणजे निदान पक्कं करणाऱ्या तपासणीला, पाठवतो. पण एखाद्याच पाड्यावर इतके रुग्ण का, हे मला मुळापासून शिकायचंय. एमडी कम्युनिटी मेडिसिनला एमबीबीएस लागतं, त्यामुळे एमपीएचच.

मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमधलं सोशल एपिडेमिऑलॉजी (समाजातल्या कोणत्या गटांत आजार जास्त आणि का, याचा अभ्यास) घेऊ, की एमपीएचसाठी त्रिवेंद्रमच्या अच्युत मेनन सेंटरला जाऊ? घरचे म्हणतात, हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन कर, पगार बरा मिळेल. माझा जीव मात्र फिल्डवरच रमतो.

बायोस्टॅटिस्टिक्स (आरोग्याच्या आकडेवारीचं शास्त्र) कुठे अगदी हाताला धरून शिकवतात? आणि शिकून परत जिल्ह्यातच काम मिळतं का? ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.