मदत हवी आहे: जेवणावरून मुलीशी रोजची ओढाताण
माझी मुलगी ६ वर्षांची आहे. "ताट संपव, मग गोड मिळेल" असं मीच म्हणत आले, आणि आता तिला भाजी शिक्षा वाटते, गोड बक्षीस. परवा पोट भरलेलं असूनही गोडासाठी तिने उरलेले घास कसेबसे कोंबले. बघून जीव कळवळला.

आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांची विभागणी मला मनापासून पटते: काय, कधी, कुठे हे पालकांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. पण ती दोन घासांवर उठली की माझा धीर सुटतो!

तुम्ही हे कसं निभावलंत? गोड जेवणासोबतच वाढून पाहिलंय का कुणी? आणि आग्रह करणाऱ्या आजी-आजोबांना न दुखावता काय सांगता?