मुलीला ‘अरे’ चालतं, मग मुलाला ‘अगं’ का नाही?

कोरा_चहा
परवा सोसायटीच्या भोंडल्याला मुलाला घेऊन गेले होते. वय वर्षं पाच. पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरला, फुगडी घातली, खिरापतीचा डबा कानाशी हलवून ‘शेंगदाणे!’ म्हणून ओरडला आणि ओळखलीही. परतताना जिन्यात खालचे काका भेटले. “काय गं, आलीस का भोंडला खेळून?” सगळे हसले. पोरगा नाही हसला. रात्री म्हणाला, “उद्या मी नाही येणार.”

आता गंमत बघा. हेच काका स्वतःच्या नातीला दिवसभर ‘अरे बाळा, कुठे गेला होतास रे’ करतात. तो लाड. मुलीला मुलासारखं बोललं की तिला बढती मिळते, आणि मुलाला मुलीसारखं बोललं की त्याचं नाक कापलं जातं. मुलींना आपण कराटेला घातलं, सायकल दिली, ‘ही आमचा मुलगाच आहे’ असं कौतुकाने सांगितलं. ‘हा आमची मुलगीच आहे’ असं कौतुकाने म्हणणारा बाप कुणी पाहिलाय? माझं म्हणणं इतकंच आहे की बदल आपण एकाच बाजूने केला.

पेन्शनर_गुरुजी
ताई, चेष्टेची मस्करी करू नका. मूल दोन दिवसांत विसरतं. आणि सगळं समाजानेच घडवलं असंही नाही. माझ्या नातवाला आम्ही भातुकली आणून दिली, तर त्याने पोळपाटाला लाटणं लावून बुलडोझर केला. 2008 मध्ये अमेरिकेत ऱ्हीसस माकडांपुढे खेळणी ठेवली होती, तेव्हा नर चाकांच्या खेळण्यांकडेच जास्त गेले. माकडांना कोणत्या काकांनी टोमणा मारला होता?

दोन_वेण्या
गुरुजी, त्याच प्रयोगातल्या माद्या दोन्हींशी खेळल्या, तेही सांगा की.
आणि माणसांचा प्रयोग हवा असेल तर 1978 चा ब्रिटनमधला घ्या. पहिलटकरीण 32 आयांना दुसऱ्यांची सहा महिन्यांची बाळं खेळवायला दिली. बाळांना कधी मुलाचे कपडे, कधी मुलीचे. कपडे मुलाचे असले की आई हातोडीचं खेळणं पुढे करायची, मुलीचे असले की बाहुली. बाळाने काही मागितलंच नव्हतं! बुलडोझर नातवाने केला हे खरं, पण त्यावर घरभर टाळ्या पडल्या असणार. पोळी लाटली असती तर पडल्या असत्या का?

पेन्शनर_गुरुजी
टाळ्या पडल्या होत्या, कबूल. तरी उपजत काहीच नसतं हे मला पटत नाही.

माजघर
मी दोघांशीही असहमत. भोंडला मुळात कुणाचा? सासुरवाशिणींनी सासूच्या, नवऱ्याच्या नावाने गाण्यांतून मनसोक्त बोटं मोडायची, ही एक जागा बायकांनी स्वतःसाठी राखली होती. आता समानता म्हणून तिथेही मुलगे आणायचे, उद्या त्यांचे बाबा येणार, परवा माइक बाबांच्या हातात. आमच्याकडे गरब्याचं हेच झालं. मुलाला बाईपणाची लाज वाटू नये हे बरोबर, पण त्यासाठी भोंडलाच कशाला? त्याला घरी भांडी घासायला लावा.

कोरा_चहा
माइकचा मुद्दा लागला. खरंच लागला. पण पाच वर्षांचं पोर माइक घेत नाही हो, त्याला खिरापत हवी होती. वयात आल्यावर तो आपणच बाहेर राहील. आत्ता त्याला बाहेर काढलं ते ‘ही त्यांची जागा आहे’ म्हणून नाही, ‘हे कमीपणाचं आहे’ म्हणून.

बांधावरून
शहरातली भांडणं. आमच्याकडे पोरगा धारा काढतो, शेणही उचलतो, कुणी हसत नाही. मात्र तेच पोरगं जेवल्यावर ताट तिथंच सोडून उठतं आणि धाकटी बहीण उचलते. शेणाची लाज नाही, उष्ट्या ताटाची आहे. याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

दोन_वेण्या
@बांधावरून, यावर आकडा आहे. केंद्राच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला 289 मिनिटं जातात, पुरुषांचे 88. आणि त्यात माणसं धरलीत सहा वर्षांपासून पुढची. तुमची ताट उचलणारी धाकटी त्यात येते.

तीन_मुलग्यांची_आई
मला मुलगी नाही, म्हणून तिघांनाही केर-फरशी, कुकर, इस्त्री सगळं शिकवलं. श्रेय कुणाला? ‘मुलगी नाही ना, काय करणार बिचारी!’ आणि मोठा लग्नानंतर चहा करायला उठला तर म्हणे बायकोने ताब्यात ठेवलाय. मुलगा लाडावला तर आईने बिघडवला, कामाला लागला तर बायकोने. बाप या गोष्टीत कुठेच नसतो. या धाग्यातही नाही, बघा बरं. कोरा_चहा, जिन्यात मुलाचे बाबा होते का?

पेन्शनर_गुरुजी
हे मात्र शाळेतून होऊ शकतं. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडतायत असं चित्र आलं.

माजघर
आलं, आणि लक्षात कुणाच्या आहे? त्याच वर्षी दुसरीच्याच गणितात ‘एकवीस’च्या जागी ‘वीस एक’ आलं, त्यावर अख्खा महाराष्ट्र भांडला. भाजी निवडणारा बाप वादातही पडला नाही. 😄

कोरा_चहा
@तीन_मुलग्यांची_आई, होते. तेही हसले. नंतर मी विचारलं तर म्हणाले, “काकांना काय बोलणार?” काल रात्री मी त्यांना हा धागा वाचायला दिला. वाचला, काही बोलले नाहीत. आज शेवटचा भोंडला आहे आणि खिरापत आमच्याकडून. सकाळी मुलाला ओट्यावर बसवून दोघं खोबरं किसतायत. मुलगा येणार का, विचारलेलं नाही अजून.