एचआयव्ही आणि आपलं कॉलेज: तुमचे अनुभव लिहा

एचआयव्ही कसा पसरतो हे पुण्यातली कॉलेजची मुलं घडाघडा सांगतात. बारावीच्या जीवशास्त्रात पाठ केलेलं असतं. पण चाचणी कुठे होते, औषधं किती दिवस घ्यायची, लागण असलेली मुलगी हॉस्टेलात शेजारच्या कॉटवर आली तर काय, इथे गाडी अडते. मी शिकवते, आणि मला हे फार अस्वस्थ करतं. भोसरीत १९९२ पासून एड्स संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, त्याच शहरात ही गत! तुम्ही काय पाहिलंत, ऐकलंत ते लिहा. कुणाची ओळख पटेल असं काही नको.

एनएसएसवाला
१ डिसेंबरला रॅली, लाल रिबिनी, पोस्टर स्पर्धा. निम्म्या पोस्टरांवर कवट्या. एका वर्षी सरकारी केंद्रातल्या समुपदेशक ताई आल्या. त्यांनी भाषण केलंच नाही, कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या आणि नाव न घालता प्रश्न लिहा म्हणाल्या. डास चावून होतो का? एका ताटात जेवलं तर? टॅटू काढलाय, तपासून घेऊ का? आणि सगळ्यात जास्त चिठ्ठ्यांवर, रिपोर्ट घरी कळवतात का? ताईंनी यालाच वेळ दिला. चाचणी तुमच्या संमतीनेच होते, निकाल गुप्त ठेवायचा असं २०१७ चा कायदा सांगतो, आणि लागण आहे म्हणून कॉलेजला प्रवेश नाकारता येत नाही. मग मागच्या बाकांवरची मुलं पुढे येऊन विचारायला लागली. मुलांना आजारापेक्षा घरच्यांची धास्ती जास्त आहे, असं माझं ठाम मत झालंय.

सदाशिव पेठ, चौथा मजला
मैत्रिणीला विचारून लिहितेय. तिला जन्मापासून लागण आहे. रोज रात्री जेवणानंतर एक गोळी. डबीवरचं लेबल खरवडलेलं, विचारलं तर "थायरॉईडची आहे गं." खरं सांगितलं त्या रात्री तिचा पहिला प्रश्न होता, "आता खोली बदलशील का?" मला रडूच आलं. नियमित औषधांमुळे तिचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, तपासणीत सापडत नाही इतका खाली आहे. तो तसाच टिकला तर शरीरसंबंधातूनही जोडीदाराला लागण होत नाही. हे एकाही पोस्टरवर का नसतं? आमच्या वर्गात मुलं "एड्सवाली" असं चिडवायला म्हणतात, आणि ती तिथेच बसलेली असते.

नर्सिंगची विद्यार्थिनी
वॉर्डात सुई टोचली. सिस्टरना लगेच सांगितलं म्हणून लागण रोखणारं औषध वेळेत सुरू झालं. ते जितक्या लवकर तितकं चांगलं, फार तर ७२ तासांच्या आत, आणि २८ दिवस घ्यावं लागतं. चाचण्या निगेटिव्ह आल्या. तरी डबा खायला सोबत असणाऱ्या दोघी महिनाभर लांब बसत होत्या. सगळं शिकलेल्या मुली!

शिकायला आलेला
ससूनमध्ये चाचणी मोफत होते, मी करून आलो. संबंधानंतर लगेचच्या चाचणीत लागण दिसेलच असं नसतं, म्हणून तीन महिन्यांनी परत बोलावलं. रूमवर सांगितलं तर सगळे म्हणाले, "तुला काय गरज पडली?" पुढच्या आठवड्यात त्यांतलाच एक एकटा गाठून पत्ता विचारून गेला. आधी फोनवर बोलायचं असेल तर एड्सची हेल्पलाइन १०९७, पैसे पडत नाहीत.