मदत हवी आहे: 'फक्त तंबू'च्या जागेवर छोटी कॅम्पर व्हॅन चालते का? (सिक्वोया)

रानवाटा:
नमस्कार मंडळी. जूनमध्ये आईबाबा साताऱ्याहून येताहेत. आमच्याकडे जुनी कॅम्पर व्हॅन आहे, प्रोमास्टर, १९ फूट ७ इंच. मागे आडवा पलंग, बाजूला दोन बर्नरची शेगडी आणि एवढंसं सिंक. संडास नाही. आईचे गुडघे गेलेत, जमिनीवर बसली की उठवायला दोघं लागतात. म्हणून ते दोघं व्हॅनमध्ये, आम्ही लेकीला घेऊन बाहेर तंबूत, असा बेत.

कॅलिफोर्नियातल्या सिक्वोया नॅशनल पार्कमध्ये बकआय फ्लॅट कॅम्पग्राउंडला शुक्रवार-शनिवारची जागा दिसली आणि आनंदाच्या भरात पैसे भरून टाकले. नंतर ईमेल वाचते तर 'टेंट ओन्ली'. आता एवढ्याशा व्हॅनला आरव्ही, म्हणजे घरासारखी राहायची गाडी, म्हणतात का? शेजारी खराखुरा तंबू लावला तर चालून जाईल का? नवरा म्हणतो, "कोण बघतंय?" मला मात्र आईबाबांना घेऊन रात्री कुठे भटकायची हिंमत नाही. स्वतः गेलेल्यांनी सांगा, प्लीज.

चहाबाज:
काय हरकत आहे? शेवरलेच्या सबर्बन एसयूव्हीपेक्षा जेमतेम पाऊण फूट जास्त. सबर्बन घेऊन लोक तंबूच्या जागेवर जातातच की. बिनधास्त जा.

माळरान:
चहाबाज, बिनधास्त जायला तुमची आई नाहीये गाडीत :)

रानवाटा, इथे लांबी मोजून उपयोग नाही. फेडरल नियमांत कॅम्पिंगची जी व्याख्या आहे, तिच्यात तंबू ठोकणं जसं येतं तसंच रात्री मुक्काम करायच्या उद्देशाने गाडी उभी करणंही येतं. म्हणजे सबर्बन नुसती उभी असते, तुमच्या व्हॅनमध्ये माणसं झोपणार. फरक तिथे पडतो. पुढच्या अटी घालायचा अधिकार त्या त्या पार्कच्या सुपरिंटेंडंटला, त्यामुळे 'नॅशनल पार्कमध्ये चालतं का' याला एकच उत्तर नाही. योसेमिटीच्या कॅम्प ४ मध्ये पार्किंगमधल्या साध्या कारमध्येही झोपू देत नाहीत. उलट यलोस्टोनच्या फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कमध्ये ग्रिझली अस्वलांमुळे तंबूलाच बंदी. घडीचे कापडी ट्रेलरसुद्धा नाहीत, कडक भिंतींचीच गाडी हवी.

बकआय फ्लॅटच्या सगळ्या, म्हणजे २८ जागा तंबूच्याच. आरव्ही आणि ट्रेलरना मनाई आहे, आणि ती उगाच नाही. हॉस्पिटल रॉकपाशी पार्कचा मुख्य रस्ता, जनरल्स हायवे, सोडला की आतला रस्ता अरुंद आणि वळणांचा. समोरून गाडी आली की कोणी मागे घ्यायची यावर खाणाखुणा सुरू, अगदी आपल्याकडच्या घाटातल्या गावरस्त्यासारखं. पलंग-शेगडीवाली व्हॅन घेऊन तिथे 'ही आरव्ही नाही' असा वाद घालायला मी तरी जाणार नाही.

वळणवाट:
शोभेच्या तंबूचा प्रयोग आम्ही केलाय, नाव न सांगता एका पार्कमधला. जागा तंबूची, आम्ही चौघं छोट्या व्हॅनमध्ये. पावणेदहाला काचेवर टकटक. रेंजरबाई अतिशय गोड, पण त्यांनी टॉर्च थेट तंबूत मारला. आत स्लीपिंग बॅग नाही, उशी नाही, फक्त माझ्या चपला. "मग रात्री इथे कोण झोपणार?" यावर काय बोलणार! कुकरमध्ये खिचडी तशीच, सगळं आवरून चाळीस मिनिटं अंधारात गाडी हाकली. पोरं अजून चिडवतात, "बाबा, चपला झोपल्या का?"

रानवाटा:
वळणवाट, हसून मेले, पण नवऱ्याला वाचून दाखवलं. गप्प बसलाय. मग आता करू काय? ते बुकिंग सोडून देऊ?

माळरान:
सोडा, पण वेळेत सोडा. रिक्रिएशन डॉट गव्ह या बुकिंगच्या साइटवर रद्द केलं तर १० डॉलर जातात. आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी केलं तर पहिल्या रात्रीचं भाडंही गेलं.

जनरल्स हायवेवरच, हॉस्पिटल रॉकच्या अलीकडे पॉटविशा कॅम्पग्राउंड आहे, ४२ जागा, आरव्ही चालते. पण उंची जेमतेम २१०० फूट, जूनमध्ये दुपारी व्हॅनचा तवा होईल. आईबाबांसाठी वरचं लॉजपोल बघा, सुमारे ६७०० फुटांवर. जनरल शर्मन हे प्रचंड सिक्वोया झाडही जवळ. पॉटविशा ते जायंट फॉरेस्ट घाटात २२ फुटांपेक्षा लांब गाडी नेऊ नका असा सल्ला आहे, तुम्ही त्यात बसता. इथे मात्र लांबी मोजायची, चहाबाज!

लॉजपोलमध्येही काही जागा फक्त तंबूच्या आहेत. नकाशात जागा मोकळी दिसली म्हणून भुलू नका. साइटवर त्या जागेच्या पानावर खाली कोणती साधनं (तंबू, व्हॅन, ट्रेलर) चालतात आणि गाडीची कमाल लांबी किती ते लिहिलेलं असतं, ते वाचा. जागा नसेल तर अलर्ट लावून ठेवा. लोक शेवटच्या दोन आठवड्यांत बरंच रद्द करतात.

चहाबाज:
माझा प्रतिसाद मागे घेतो. चहा सोबत न्या.

रानवाटा: (नऊ दिवसांनी)
मिळाली! लॉजपोल, रविवार-सोमवार. पहाटे अलर्ट आला, चष्मा न लावताच फोन उचलला. या वेळी आधी पान खालपर्यंत वाचलं, साधनाच्या रकान्यात कॅम्पर व्हॅन निवडली, मगच पैसे भरले. नवऱ्याला सोमवारची रजा टाकावी लागली, १० डॉलर गेले, जाऊ देत. माळरान, तुम्हाला पुरणपोळी लागू.

आता नवीनच प्रश्न. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अस्वलं आहेत का गं तिथं?" आहेत म्हटलं. तर म्हणे, "मग लसणाची चटणी आणू का नको?"

वळणवाट:
आणायला सांगा. प्रत्येक जागेवर लोखंडी पेटी असते, खाण्याचं सगळं रात्री तिच्यात. टूथपेस्टसुद्धा. फक्त डबा घट्ट झाकणाचा आणा, नाहीतर पुढच्या मुक्कामवाल्यांच्या पावाला साताऱ्याचा वास येईल.