युजर मोजायच्या टूलला एका ओळीचं वर्णन पुरतं का?

नोंदवही (धागाकर्ती)

कीक्लोक म्हणजे लॉगिन आणि युजर खाती सांभाळणारं सॉफ्टवेअर, आणि रेल्म म्हणजे त्यातला खात्यांचा एक स्वतंत्र गट. त्यावर बसणारा एमसीपी सर्व्हर (एआयला बाहेरची टूल्स जोडून देणारा प्रोग्रॅम) लिहिते आहे, म्हणजे एआय एजंटला रेल्ममधली खाती बघता यावीत. त्यात युजर मोजायचं एक टूल आहे. कुठलं टूल कधी वापरायचं, हे एजंट टूलचं वर्णन वाचून ठरवतो. सहकाऱ्याचं म्हणणं, 'रेल्ममधल्या युजर्सची संख्या देते' एवढं लिहिलं की झालं. मला हे मुळीच पटत नाही.

चाचणीच्या रेल्ममध्ये ३,४१२ खाती होती. एजंटला विचारलं, किती युजर आहेत? उत्तर आलं, १००. अगदी ठामपणे. त्याने यादीचं टूल चालवलं होतं. कीक्लोकला मर्यादा सांगितली नाही, तर यादी १०० नोंदींवर थांबते. एजंटने समोर दिसल्या तेवढ्या ओळी मोजल्या. शितावरून भाताची परीक्षा होते, पण शितं मोजून भात किती ते कळत नाही.

मोजणीचं टूल तेव्हाही हजर होतं, पण त्याने ते उचललंच नाही. यादीच्या टूलवर आम्हीच 'युजर्सची माहिती मिळवते' असं मोघम लिहून ठेवलं होतं, आणि संख्या ही पण माहितीच. मग मी मोजणीच्या वर्णनात घातलं: 'फक्त आकडा हवा असेल तेव्हा हे वापर. यादी मागवून मोजू नकोस.' त्यानंतर टूलची निवड बरोबर व्हायला लागली.

आणि 'युजर किती' या प्रश्नाचे अर्थ तरी किती! खाती किती, त्यातली चालू किती, गेल्या महिन्यात आलेले किती, या क्षणी लॉगिन असलेले किती. हे टूल पहिल्या दोनांचंच उत्तर देतं. हे लिहिलं नाही, तर एजंट चारही प्रश्नांना एकच आकडा देणार.

कमीतकमी

प्रामाणिकपणे विरोध करतो. टूलचं वर्णन एजंटच्या कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे त्याच्यासमोर असलेल्या मजकुरात जातं, एकदा नाही, प्रत्येक संभाषणात. चाळीस टूल्स असतील आणि प्रत्येकाला परिच्छेद जोडला, तर कामाचं वाक्य त्या गर्दीत हरवतं.

तुमचा खरा दोष यादीच्या उत्तरात आहे. '१०० दाखवल्या, पुढे आणखी आहेत' असं उत्तरातच आलं असतं, तर एजंट फसला नसता. स्किममध्ये (SCIM, युजर खात्यांची देवाणघेवाण करायचं इंटरनेट मानक) हे २०१५ पासून आहे. त्याचा दस्तऐवज, आरएफसी ७६४४ वाचा: यादीच्या उत्तरात एकूण संख्येचं फील्ड असतं, आणि काउंट ० पाठवला की नोंदी न येता फक्त ती संख्या येते. डिझाइनमधलं भोक शब्दांनी बुजवू नका.

नोंदवही

स्किमचं मान्य. पण कीक्लोकची यादी म्हणजे नुसता ॲरे, फक्त नोंदींची रांग, एकूण संख्या त्यात येत नाही. मोजणीचा एंडपॉइंट, म्हणजे विनंती पाठवायचा पत्ता, वेगळा आहे. दोन्ही कॉल आमच्या सर्व्हरनेच करून यादीच्या उत्तरात एकूण आकडा घालायचा, ही सुधारणा मी आजच करते. तरी बंद केलेली खाती धरली की नाही, हे कोण सांगणार? नुसत्या आकड्याकडे बघून ते कळत नाही.

रात्रपाळी

मी धागाकर्तीच्या बाजूने. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (मायक्रोसॉफ्टची कंपन्यांमधली खाती सांभाळणारी प्रणाली) पेज साइझची, म्हणजे एका वेळी मिळणाऱ्या नोंदींची, मर्यादा मुळात १००० असते. एका जुन्या नोकरीत आमच्या स्क्रिप्टने बरोबर १००० युजर दाखवले आणि लायसन्सची मागणी त्याच आकड्यावर गेली. ती स्क्रिप्ट माणसाने लिहिली होती, तपासलीही माणसानेच. गोल आकडा बघून आमच्यापैकी एकालाही शंका आली नाही.

अजून एक गोष्ट वर्णनात हवीच, ती म्हणजे आकडा किती ताजा आहे. मायक्रोसॉफ्ट ग्राफमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधली माहिती मागवायचा एपीआय) युजर्सची संख्या मागताना विनंतीच्या हेडरमध्ये 'इव्हेंच्युअल' लिहावं लागतं. म्हणजे आत्ता केलेला बदल आकड्यात लगेच दिसेलच असं नाही. आता विचार करा, एजंटने खातं तयार केलं, खात्रीसाठी मोजणी केली, आकडा वाढलेला नाही. तो तेच खातं परत तयार करायला जाईल. 'नवीन खातं झालं का हे यावरून ठरवू नकोस' या एका वाक्याने हे टळतं.

दारवान

सगळे अचूकतेवर बोलताय, पण हे टूल निरुपद्रवी नाही. ईमेलचा फिल्टर दिला की उत्तर १ किंवा ०, म्हणजे अमुक माणसाचं खातं इथे आहे की नाही हे उघड झालं. फिल्टर अर्धवट मजकुरावर जुळत असेल, तर एकेक अक्षर वाढवत पूर्ण पत्ता काढता येतो. एकही नोंद न वाचता!

'फक्त वाचन', म्हणजे टूल काही बदलत नाही, ही खूण लावून भागणार नाही. एमसीपीमध्ये ती निव्वळ सूचना आहे, बंधन नाही. अनोळखी सर्व्हरने लावलेल्या अशा खुणांवर विसंबू नये, असं स्पेसिफिकेशनच सांगतं. माझं मत, एजंटला नाव-ईमेलचे फिल्टर द्यायचेच नाहीत. चालू की बंद, एवढं पुरे.

कमीतकमी

हेच तर मी म्हणतोय. जो पॅरामीटर नाही, त्याचं वर्णनही लागत नाही.

नोंदवही

दारवान, ईमेलचा फिल्टर काढते. हा धोका माझ्या लक्षातच आला नव्हता. ईमेल पडताळलेला आहे की नाही, हा फिल्टर मात्र ठेवणार. मदतकक्षाला तो आकडा वरचेवर लागतो आणि त्यातून एकट्या माणसाचं काही उघड होत नाही.

आता वर्णन असं: 'एका रेल्ममधल्या खात्यांची संख्या देते. फिल्टर नसेल तर बंद खातीही धरते. आकडाच हवा असेल तर हे वापर, यादी मागवून मोजू नकोस. लॉगिन असलेल्यांची संख्या यातून मिळत नाही. नवीन खातं झालं का, हे यावरून ठरवू नकोस.'

कमीतकमी

दारवानाचा मुद्दा इथेही लागू आहे. ज्या रेल्ममध्ये तीनच खाती आहेत, तिथे पडताळणीचा आकडासुद्धा माणसाकडे बोट दाखवतो. तिथे काय करणार? आणि शेवटचं वाक्य मोजणीत नको, खातं तयार करायच्या टूलवर टाका. चूक तिथे होते.

रात्रपाळी

दोन्हीकडे टाका. एजंट आधी कुठलं वाचेल याचा भरवसा नाही.